फिटचा कागद

माया तायडेच्या हिशेबात माणसं तीन प्रकारची होती: पडणारी, न पडणारी, आणि पडायचंच नाही असं घरूनच ठरवून आलेली.

अमरावतीच्या कॅम्पातल्या एका हृदयाच्या दवाखान्यात, तळमजल्यावर, एक थंडगार खोली आहे. खोलीत एक खाट. खाटेला पट्टे, पायाशी आडवी फळी, बाजूला बटण. बटण दाबलं की खाट माणसासकट उभी होते. जी माणसं अधूनमधून चक्कर येऊन कोसळतात आणि का कोसळतात ते कोणालाच सांगता येत नाही, त्यांना या खाटेवर बांधून उभं करायचं आणि वाट बघायची. पडली, तर पडताना हृदयाने काय केलं आणि रक्तदाबाने काय केलं, ते मशीन कागदावर उतरवून घेतं. डॉक्टर याला टिल्ट टेस्ट म्हणतात. बाकी सगळा दवाखाना उभी खाट म्हणतो.

चार वर्षं माया हे बटण दाबत होती. बडनेऱ्याहून सकाळी येताना डब्याबरोबर एक वही आणायची, आणि वहीच्या मागच्या पानावर तीन रकान्यांत रेघा ओढायची. दवाखान्याने सांगितलं नव्हतं, तिची हौस. वकील लवकर पडतात, असं त्या रेघांवरून तिला कळलं होतं. मास्तर उशिरा पडतात, पण आपण पडणार आहोत हे खोलीतल्या सगळ्यांना नीट समजावून मग पडतात. एक गुरुजी आले होते, त्यांना बोलू नका म्हटलं तर मनातल्या मनात म्हणत राहिले, नि तेविसाव्या मिनिटाला अर्ध्या श्लोकातच मान टाकली. शुद्धीवर आल्यावर पुढचा अर्धा तिथूनच सुरू केला.

तिसऱ्या रकान्यात रेघा कमी होत्या. पण माया सर्वांत जास्त लक्ष त्याच रकान्यावर ठेवायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अकोल्याहून नवरा-बायको आले. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून, तिथून ऑटोने. देवमन, वय त्रेपन्न, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. पांढरा शर्ट इस्त्रीचा, केस पाणी लावून विंचरलेले, खिशाला पेन. जणू मुलाखतीला आला होता. बायको इंदूबाई कापडी पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या.

"काय तरास हाये?" मायाने फॉर्म पुढे ओढला.

"फिट येते यायले," इंदूबाई म्हणाल्या.

"फिट हाओ मी," देवमन म्हणाला.

माया दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. पेन तसंच हातात.

या एका शब्दाने त्या घराची पाच महिने वाट लावली होती. ती हकिकत मग इंदूबाईंकडून निघाली, देवमनच्या दुरुस्त्यांसह. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंड्याखाली देवमन उभ्याउभ्या कोसळला. पाहुण्यांचं भाषण तेव्हा चाळीस मिनिटांवर गेलं होतं. त्या भाषणात तीन पोरंही पडली. पोरांना ग्लुकोज मिळालं, देवमनच्या नाकाशी चप्पल. चपलेने उठेना, म्हणून दोघांनी बखोटीला धरून खुर्चीत बसवला. बसवला तसे त्याचे हातपाय झटकू लागले. झालं. मैदानावर एकाने शब्द उच्चारला आणि तो संध्याकाळपर्यंत घरी पोचला: फिट.

मुख्याध्यापिका मैथिलीबाईंनी सांगितलं, फिटचा कागद आणा. देवमन घराजवळच्या डॉक्टरकडे गेला. तिथे गर्दी. डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "फिट?"

"हो, फिट," देवमन म्हणाला. त्याला कागद पाहिजे होता.

डॉक्टरने कागद दिला, पण त्यावर झटक्यांच्या गोळ्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एकेक.

"मी म्हटलं असंन बीपीची," देवमन म्हणाला. "दोन आठवड्यानं मेडिकलवाल्यानं विचारलं, काका, कवापासून फिट येते तुमाले?"

मग शाळेने नुसतं तोंडी चालवून घेतलं, वर्ष संपलं. पण शाळा सव्वीस जूनला उघडणार होती आणि मैथिलीबाईंनी आता छापील फॉर्मच दिला होता. देवमनने तो पिशवीतून काढून दाखवला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. *सदर इसम शालेय वाहन चालविण्यास फिट आहे / नाही. नको ते खोडावे.* कागद आणा, नाहीतर किल्ली ठेवा. तेवीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता.

"आन पोराचं सांगा ना," इंदूबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि तो सांगत नाही बघून स्वतःच बोलल्या. "अनुपच्या दोन सोयरिकी परत गेल्या मॅडम. पोरगी पाहून झाली, कुंकवाचं ठरलं, आन मंग म्हणे, बापाले फिट येते म्हंतात. रक्तात राहते म्हणे थे."

इथल्या केयूर डॉक्टरांनी मागच्या भेटीत सगळं ऐकून घेतलं होतं, आणि गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून म्हणाले होते, यात काहीतरी गोम आहे. दुसरं काही ठरवण्याआधी उभी खाट करू.

माया आता त्या खाटेचं सांगू लागली. रोजचं सांगणं होतं, पण ती घाई करायची नाही. घाबरलेला माणूस निम्मं ऐकतो, हे तिच्या वहीत नसलं तरी डोक्यात होतं.

"ऐका भाऊ. सकाळपासून काई खाल्लं नाही ना? बरं. आधी पंधरा मिनिटं आडवं पडाचं, गप्प. हाताले एक सुई राहीन, छातीले वायरी, दंडाले पट्टा. पट्टा घडीघडी फुगन. मंग खाट उभी करीन, अगदी सरळ नाही, जराशी मांगं रेललेली. पट्टे बांधेल राहतीन, पडतो म्हटलं तरी खाली पडाले जागा नाही. वीस मिनिटं उभं. काई नाही झालं तं जिभेखाली फवारा मारीन. त्यानं डोकं ठणकते, छातीत धडधडते, थे औषधाचं राहते, भ्याचं नाही. मंग आणखी पंधरा मिनिटं. मळमळ, घाम, डोयापुढं अंधारी, जे होईन थे सांगाचं. बाकी बोलाचं नाही. पाय हालवाचे नाही."

"आन पडलो तं?"

"तं खाट आडवी. डॉक्टर बाजूलेच राहतीन. मिनिटाभरात उठता तुमी."

"म्हंजे नापास."

"यात पास-नापास नाही भाऊ. पडले तं कारण सापडलं असं समजाचं. काई पेशंट आमाले पाडता येत नाहीत, मंग दुसऱ्या तपासण्या, वर्ष-वर्ष."

"मॅडम, जिथं कागद भेटते तिथं पास-नापास राहतेच." देवमन हसला. मग इंदूबाई सही करायला बाहेरच्या टेबलाशी गेल्या तेव्हा तो जरा पुढे वाकला. "इकडं-तिकडं काई झालं तं संभाळून घेजा. सव्वीस तारखेले गाडी काढाची हाये."

सुरू करण्याआधी लघवीला जाऊन यायचं असतं. तो गेला, आणि इंदूबाई आत आल्या. दार स्वतःच लोटलं.

"पाडा त्यायले," त्या म्हणाल्या.

मायाने मान वर केली. चार वर्षांत संभाळून घ्या म्हणणारे ढिगाने आले होते. पाडा म्हणणारी ही पहिली.

"आमच्या गल्लीत स्वराली नावाची पोट्टी हाये, चौथीतली. यायच्याच गाडीत जाते, पुढच्या सीटवर. एप्रिलात दुपारी शाया सुटली, गाडी रेल्वेच्या फाटकापाशी थांबेल होती. फाटक उघडलं. मांगून हॉर्न वाजून राहिले. आन हे स्टेरिंगवर डोकं टाकून. पोट्टीनं बाही ओढली, लय येळ ओढली म्हणे. मंग उठले. तिले म्हणे, मी झोपलो होतो, कोणाले सांगजो नको." इंदूबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "सत्तावीस लेकरं होती मॅडम गाडीत. फाटक लागेल होतं म्हणून. गाडी चालती असती तं?"

"तुमी बोलल्या त्यायच्याशी?"

"काय बोलू? त्यायले वाटते कोणाले मालूम नाही. तेवीस वर्षं थो माणूस घरात मोठ्यानं बोलला नाही, बाहेर त्या गाडीनं मान होता म्हणून. मी सांगतलं असं सांगू नका त्यायले. शपथ हाये."

"नाही सांगत," माया म्हणाली. पावलं वाजली, तशा इंदूबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

दिवे मंद केले. पंधरा मिनिटं देवमन छताकडे बघत पडून राहिला. मग मायाने पट्टे आवळले, एक छातीवर, एक गुडघ्यांच्या वर, आणि बटण दाबलं. खाट कुरकुरत उभी झाली. काचेपलीकडे शेजारच्या खोलीत केयूर डॉक्टर एका म्हाताऱ्याची सोनोग्राफी करत होते; हाक मारली की चार पावलांवर.

पाच मिनिटं. नाडी ब्याऐंशी. दहा मिनिटं. ठीक. बाराव्या मिनिटाला पडद्यावरची हिरवी रेघ थरथरू लागली. स्वच्छ चढ-उतारांच्या मध्ये बारीक केस उगवल्यासारखी. हृदय असं थरथरत नाही. असं स्नायू थरथरतात.

मायाने खाली बघितलं. देवमनच्या दोन्ही अंगठ्यांची नखं पांढरीफट्ट पडली होती. तो फळीवर चवडे दाबत होता, पोटऱ्या आवळत होता, सोडत होता, पुन्हा आवळत होता. हाताच्या मुठी पट्ट्याखाली लपवलेल्या. शिकून आला होता. मोबाइलवर सगळं मिळतं. गंमत अशी, की तपासणी झाल्यावर, काही आजार असलाच, तर हेच पेशंटला शिकवायचं असतं: चक्कर येतेसं वाटलं की पाय आवळा, मुठी आवळा, रक्त वर चढतं. देवमन औषध आधीच घेऊन आला होता, आजार सापडू नये म्हणून.

"भाऊ, पाय सैल सोडा."

"सैलच हायेत."

"पाय सैल."

"हो मॅडम."

नखं पांढरीच. घाम कपाळावर, पण जिद्दीचा. तिला दिसत होतं, की हा माणूस असाच पस्तीस मिनिटं काढेल. फवाऱ्यालाही पुरून उरेल कदाचित. मग ती लिहील, चक्कर आली नाही. डॉक्टरांना थरथर दिसेल, ते पुन्हा बोलावतील महिन्याभराने; तोवर सव्वीस तारीख येऊन जाईल आणि अकोल्यात कोणीतरी दुसरा डॉक्टर मान वर न करता विचारेल, फिट? तिसऱ्या रकान्यात एक रेघ वाढेल. तिच्याकडून चूक झाली असं कोणी म्हणणार नाही. पाय सैल सोडा, हे तिने दोनदा सांगितलं होतं.

वीस मिनिटं भरली. आता फवाऱ्यासाठी डॉक्टरांना बोलवायचं. त्याआधी ती खाटेच्या अगदी जवळ गेली.

"देवमन भाऊ," ती हळू म्हणाली, "फाटकापाशी पाय दाबाले येळ भेटला होता काय?"

दंडावरचा पट्टा फुगला, फुसफुसत बसला. त्याची नजर बंद दाराकडे गेली. दारापलीकडे बाक होता आणि बाकावर इंदूबाई.

"स्वरालीनं तिले सांगतलं," तो म्हणाला. "तिनं तुमाले."

मायाने इंदूबाईंना दिलेला शब्द पाऊण तासही टिकला नव्हता.

"किती येळ होतो मी तसा? पोट्टीनं सांगतलं काय?"

"लय येळ बाही ओढली म्हणे."

"मले वाटलं, डोया लागला." तो म्हणाला. "तसं मी मले सांगतलं."

अंगठ्यांच्या नखांत हळूहळू रंग परत आला. पडद्यावरची रेघ स्वच्छ झाली. मायाने डॉक्टरांना हाक मारली.

फवाऱ्यानंतर चार मिनिटं काही नाही. मग देवमनने जांभई दिली, आणखी एक. ओठ पांढरे पडले.

"मॅडम, कानात गाडी चालू झाली," तो म्हणाला. "दूर जाऊन राहिलं सगळं."

"ठीक आहे, मी इथेच आहे," केयूर डॉक्टर म्हणाले.

नाडी चौऱ्याहत्तर. अठ्ठावन्न. एकेचाळीस. मग एक ठोका, आणि त्याच्यापुढे हिरवी रेघ सरळ, शांत, पट्टीने ओढल्यासारखी. देवमनची मान पट्ट्याबाहेर लोंबली. मायाचा हात बटणावर आधीच होता. खाट आडवी होऊ लागली, आणि ती नेहमी लावते त्यापेक्षा जास्त वेळ लावते आहे असं तिला आजही वाटलं. ती मोजत होती. ते तिचं कामच होतं. सात. आठ. डॉक्टरांचे दोन्ही तळवे छातीच्या हाडावर येऊन थांबले. दहा. देवमनचे हात झटकले, पाय झटकले, तसेच, मैदानावर सगळ्या शाळेने बघितले तसे. अकरा. बारा. तेरा. डॉक्टरांची कोपरं ताठ झाली.

चौदाला एक ठोका उमटला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. मग रांग लागली.

देवमनने डोळे उघडले. आधी छत बघितलं, मग मायाला.

"उघडलं काय?" त्याने विचारलं.

"हो, उघडले डोळे," डॉक्टर म्हणाले. "शाब्बास. पडून राहा."

तो फाटकाचं विचारत होता, हे मायाला कळलं; ती पट्टे सोडू लागली.

तासाभराने, डोकं ठणकायचं कमी झाल्यावर, चहा-बिस्किट झाल्यावर, केयूर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. लांबच लांब कागद टेबलावर पसरला. त्यांचं मराठी पुण्यातलं होतं, ते सावकाश बोलले.

"ही सरळ रेघ दिसते? एवढा वेळ हृदय थांबलं होतं. मेंदूला रक्त मिळालं नाही, म्हणून शुद्ध गेली, म्हणून हातपाय झटकले. तुम्ही उचलून खुर्चीत बसवता, तेव्हा ते आणखी लांबतं. आडवंच ठेवायचं, पाय वर. चप्पल-कांदा काही नको. मेंदूचा आजार नाही हा. आणखी एक-दोन तपासण्या करू, बहुधा छातीत छोटं मशीन बसवावं लागेल. पण इंदूबाई, एक नक्की. फिट नाही."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. पाच महिन्यांचं काहीतरी त्यांच्या खांद्यांवरून उतरताना मायाला दिसलं.

"नाही ना? रक्तातलं नाही ना साहेब? पोराले नाही ना?"

"नाही. त्या गोळ्याही बंद करू, पण एकदम नाही, मी सांगतो तशा हळूहळू." डॉक्टरांनी हात पुढे केला. "देवमनराव, तो शाळेचा फॉर्म."

देवमनने फोल्डरमधून फॉर्म काढला. खिशातलं पेन काढून, टोपण उघडून तेही दिलं. डॉक्टरांनी 'आहे' खोडलं. दोनदा आडवी रेघ. सही केली, शिक्का मारला.

"मशीन बसल्यावर साहेब?" देवमनने विचारलं.

"मोटरसायकलचं तेव्हा बघू. लेकरांची बस, नाही. त्यावर मी सही करणार नाही."

देवमनने मान हलवली. फॉर्मची शाई वाळेपर्यंत तो धरून बसला, मग फोल्डरमध्ये नीट घातला.

वऱ्हांड्यात बाकावर दोघांच्यात पिशवी होती. येताना ती इंदूबाईंच्या पोटाशी होती. आता देवमनने मध्ये ठेवली होती. तो बायकोकडे बघत नव्हता. माया जवळच रजिस्टर भरत होती. दवाखान्याच्या रजिस्टरात तिने वेळ लिहिली, नाडी लिहिली, चौदा सेकंद लिहिले. स्वतःची वही काढली आणि पहिल्या रकान्यात रेघ ओढायला गेली. पण आला होता तो तिसऱ्या रकान्यातला. पहिल्यात त्याला कोणी आणलं, ते लिहायला जागा नव्हती. तिने वही मिटली.

इंदूबाईंनी फोन लावला होता. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा.

"अनुप, आरे फिट नाही. डॉक्टरनं सांगतलं, फिट नाही म्हणे."

पलीकडे गाड्यांचा आवाज.

"मंग आता?" अनुप म्हणाला. "बाबाची गाडी गेली म्हन."

"तसं नोहे रे. फिट नाही, म्हंजे थे फिट नाही. थे झटक्याचं. हे कागदाचं फिट येगयं..." इंदूबाई अडखळल्या. फोन कानापासून दूर धरून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"समजावू नको त्याले," देवमन म्हणाला. खाटेवरून उतरल्यापासून तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता. "बरोबर समजला थो."